आर्ट डिरेक्शन: काका

काल रात्री अल्बम रिलीज झाला आणि मी क्रेडिट्स वाचली. एरवी ती कोणी वाचत नाही, माहितीये मला. ती वाचणारी माणसं दोनच प्रकारची, ज्यांचं नाव त्यात आहे ती, आणि ज्यांचं असायला हवं होतं ती. गीत, संगीत, गिटार, बेस, मिक्सिंग, मास्टरिंग, सगळे नावाआडनावासकट. माइकच्या वायरी गुंडाळणाऱ्या मुलाचंसुद्धा नाव आहे, चांगली गोष्ट आहे. मग 'आर्ट डिरेक्शन' आणि पुढे ड्रमरच्या काकांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आणि त्याखाली: 'आर्टवर्क व व्हिडिओ: आमची एक मैत्रीण'.

एक मैत्रीण, म्हणजे मी. किती आहेत यांना? म्हणजे चार महिने ज्यांच्याशी मी रोज बोलत होते त्या बँडमधल्या चौघांकडे मैत्रिणींचा एवढा साठा असेल असं वाटलं तरी नव्हतं, पण असो.

तर काका. बँडची प्रॅक्टिस काकांच्या घराच्या वरच्या खोलीत चालते, फुकट, त्यामुळे काका कधीही येऊन कशावरही बोलू शकतात हा अलिखित करार. मी कव्हर दाखवायला गेले होते. भलीमोठी ओल आलेली भिंत आणि उजव्या कोपऱ्यात अगदी खाली एक लहानशी लाकडी खुर्ची, रिकामी. ती भिंत मी खरी केली होती, म्हणजे कागदावर गेसोचे, म्हणजे चित्राआधी लावतात त्या पांढऱ्या रंगाचे, थर, ते वाळले की सँडपेपर, वर पातळ राखाडी वॉश, परत सँडपेपर, मग कुठे स्कॅन. नखांत आठवडाभर पांढरं. चौघं लॅपटॉपभोवती जमले, गायक म्हणाला "फील आहे यार", गिटारवाला म्हणाला "थोडी अजून थंड पण उबदार होईल का", आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"कोण गेलं?"

काका दारात. हातात वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर.

"म्हणजे?"

"खुर्ची रिकामी आहे म्हणून विचारलं. कोणी गेलं असेल तर आधी सांगा, मी उगाच काहीतरी बोलून बसेन."

"काका, ती ॲब्सेन्स आहे," गायक म्हणाला.

"कोणाची?"

"कोणाची असं नाही... जनरल."

"जनरल ॲब्सेन्स." काकांनी ते दोनदा म्हणून बघितलं, तोंडात कसं वाटतं ते. मग आत आले, स्टूल ओढलं आणि बसलेच. "हे बघा, तुम्ही चौघं. खुर्ची एक. इथूनच भांडणं सुरू होतात." बेसवाल्यानं मान हलवली, आणि ती जरा जास्तच मनापासून हलवली असं मला वाटलं.

मग म्हणाले मोबाईलवर दाखवा, आम्ही काय लॅपटॉप घेऊन गाणी ऐकतो का. ड्रमरनं गाण्यांच्या यादीत दिसतं तेवढं करून दाखवलं. काकांनी फोन हातभर लांब धरला, चष्मा खाली घेतला, परत वर ढकलला, मग फोन पुतण्याच्या हातात देऊन स्वतः खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. फोन इतक्या लांबून कोण बघतं हे विचारायची कोणाची टाप नव्हती. खोली त्यांची.

"मांजर आहे का हे?"

"खुर्ची आहे काका."

"मांजर आहे. बसलेलं. पाठमोरं."

आणि झालं. त्यानंतर त्या खोलीत कोणालाही खुर्ची दिसेना. गिटारवाला म्हणाला "अरे मांजरच आहे की", ड्रमरनं फोन उलटासुलटा करून बघितला, आणि गायक, ज्याच्या कवितांसाठी मी ती खुर्ची काढली होती, तो म्हणाला की मांजर पण चालेल खरं तर, मांजरात पण एक ॲब्सेन्स असते. मी गेसो, सँडपेपर वगैरे सांगायचा प्रयत्न केला. काका म्हणाले, "मेहनत दिसतेय बाळा, पण भिंत रंगवायला झालीये."

यावर चौघं हसले. मीही हसले, तेव्हा हसावंच लागतं.

"आणि खाली फोन नंबर टाका. उद्या कोणाला कार्यक्रम ठेवायचा झाला तर?"

मी सांगितलं की चालत नाही, स्ट्रीमिंगवाल्यांचे नियम असतात, कव्हरवर फोन नंबर, वेबसाइट, किंमत काही असलं की परत पाठवतात.

"मग मागे टाका."

"मागची बाजू नसते काका आता."

काका इथे खरंच गप्प झाले. "मागची बाजूच नाही? मग गाण्यांची नावं कुठे? कोण काय वाजवतं ते?"

आता इथे मला काकांचा राग येत नाही हाच प्रॉब्लेम आहे. कारण माझं सगळं दुःख त्या एका वाक्यात आलं. रेकॉर्ड्स आधी साध्या तपकिरी कागदी पाकिटांत विकायच्या, १९४० च्या सुमारास कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत अॅलेक्स स्टाइनवाइस नावाच्या विशीतल्या डिझायनरनं वर चित्र छापा म्हणून हट्ट धरला तेव्हा आमचा धंदा सुरू झाला. १९४८ मध्ये एलपी (लाँग-प्ले रेकॉर्ड) आली, म्हणजे साधारण १२ इंचांचा चौकोन, मांडीवर घेऊन बघायचा, उघडला की दुप्पट. पुढे कॅसेट, जिच्या कव्हरावर माणसाचा चेहरा मावायचा पण केस नाही. १९८२ ला सीडी, १२ सेंटीमीटर, पण निदान आत बुकलेट होतं. आणि आता? आता ३००० बाय ३००० पिक्सेलची फाईल मागतात, सँडपेपरचा ओरखडान् ओरखडा दिसेल एवढी, आणि दाखवतात अंगठ्याच्या नखाएवढी. १९७० मध्ये हिपग्नोसिस या कव्हर करणाऱ्या स्टुडिओनं पिंक फ्लॉइड बँडच्या अल्बमवर नुसती एक गाय छापली होती, बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही, काही नाही. गाय! मागे वळून बघणारी! तिला कोणी मांजर म्हणालं नाही कारण ती १२ इंचांची होती.

असो. काकांचा निकाल असा की खुर्ची मोठी करा आणि लाल करा. केली. मोठी पण केली आणि लाल पण केली, आणि नखाएवढ्या आकारात ती उठून दिसते हेही खरं आहे, पण 'लाल करा' म्हणायला तीन सेकंद लागतात आणि नवी खुर्ची रंगवून, तिची सावली त्या भिंतीच्या पोतात बसवून, परत स्कॅन करायला किती लागतात हे कोणीतरी क्रेडिट्समध्ये मोजावं की नाही?

उठता उठता काकांनी एक प्रश्न विचारला. तोंड माझ्याकडे नव्हतं, पुतण्याकडे होतं. "हिला काय देताय याचं?"

खोलीत एवढी शांतता मी त्यांच्या एकाही गाण्यात ऐकलेली नाही. बेसवाला वाकून वायर शोधायला लागला. गायक म्हणाला, "काका, ती आमच्यातलीच आहे." काका "हं" म्हणाले आणि वर्तमानपत्र घेऊन खाली गेले.

आमच्यातलीच. हे वाक्य मी याआधीही ऐकलंय, दुसऱ्या लोकांकडून. 'आमच्यातलीच' म्हणजे गिटारच्या तारांना पैसे द्यायचे, मास्टरिंगवाल्याला ॲडव्हान्स द्यायचा आणि चित्रवालीला मिठी मारायची. रोलिंग स्टोन्सची ती लाल जीभ आहे ना, जॉन पॅशनं १९७० मध्ये काढलेली, त्याला तिचे ५० पौंड मिळाले होते. ही गोष्ट मी बँडना मुद्दाम सांगते आणि प्रत्येक बँडला तिच्यातला ५० पौंडांचा भाग फार आवडतो. पुढे त्याला आणखी २०० दिले आणि मूळ चित्र २००८ मध्ये लंडनच्या म्युझियमनं विकत घेतलं, तिथपर्यंत कोणी ऐकतच नाही. त्याच बँडच्या १९७१ च्या कव्हरवर, कल्पना अँडी वॉरहॉलची, जीन्सच्या फोटोला खरी चेन लावली होती आणि गठ्ठ्यात ती चेन रेकॉर्डवर दाबून रेकॉर्डच खराब करायला लागली. मग ती आधीच अर्धी उघडून ठेवायला लागले, म्हणजे दाब मधल्या लेबलवर पडेल. चित्रकारांकडून संगीतकारांना झालेला हा त्रास मला फार आवडतो, मूड गेला की मी तो आठवते.

व्हिडिओचं थोडक्यात सांगते नाहीतर रक्तदाब वाढेल. व्हिडिओ हातानं काढलेला हवा होता, खुर्ची घेऊन चालत जाणारा माणूस, प्रत्येक बीटला एक पाऊल. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरायचं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं, करा गुणाकार, २६४०. नॉर्वेच्या आ-हा बँडच्या १९८५ च्या त्या पेन्सिलीतल्या व्हिडिओला सुमारे ३००० फ्रेम आणि १६ आठवडे लागले होते, हे सांगितल्यावर गायक म्हणाला "पण आता सॉफ्टवेअर आहे ना". डेमो, म्हणजे गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंग, ९० च्या टेम्पोला होता, मिनिटाला ९० बीट. ९० ला एक बीट म्हणजे १६ फ्रेम, आठ चित्रं बरोब्बर, पाऊल उचललं, टेकलं, सुंदर. मी हात जोडून सांगितलं होतं की काहीही करा, टेम्पो हलवू नका. त्यावर गिटारवाला म्हणाला होता की गाणी अशी गणितानं होत नाहीत.

फायनल मिक्स आला तो ९६ ला. "थोडं ढकललं, एनर्जी आली." तुमची आली. ९६ ला एक बीट १५ फ्रेमचा, म्हणजे पावलाला साडेसात चित्रं. साडेसात! माझ्या पत्रिकेत नव्हती ती या बँडनं आणून दिली. अर्धं चित्र कसं काढतात? शिवाय गाणं जवळजवळ चौदा सेकंदांनी आखडलं, म्हणजे १६५ चित्रं कचऱ्यात, आणि उरलेली बीटच्या मागे लंगडत. माणूस खुर्ची घेऊन चालतोय असं न वाटता खुर्ची चोरून पळतोय असं वाटायला लागलं. ते सगळं परत बसवलं मी, एक पाऊल सात चित्रांचं, पुढचं आठचं, शेवटपर्यंत. कोणाला कळलं पण नाही. कळू नये म्हणूनच केलं होतं म्हणा, पण तरी.

तर आज सकाळी मी गायकाला मेसेज केला, 'एक मैत्रीण' काय भानगड आहे. तो म्हणाला अगं ती माहिती ड्रमरनं भरली, रात्री दोनला, त्याला तुझं आडनाव आठवेना. आणि काकांचं? "अगं काकांचं टाकावं लागलं, ते खोलीचं भाडं मागायच्या बेतात होते, म्हटलं खूश होतील." म्हणजे भाडं माझ्या नावातून गेलं. आणि गंमत म्हणजे काकांनी मागितलं पण नव्हतं, काकांना आर्ट डिरेक्शन म्हणजे काय हेही माहीत नाही, ते बिचारे विचारत होते ते माझ्या पैशांचं. आता बदलता येईल का, तर "बघू, डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गाणी स्ट्रीमिंगवर चढवतात त्यांच्याकडे, परत पाठवावं लागतं, या आठवड्यात नको, प्लेलिस्टचं चाललंय". आणि लगेच पुढचा मेसेज: "बाय द वे तो उभा लूप कधी देतेस?"

हा उभा लूप म्हणजे फोनवर गाणं चालू असताना मागे फिरत राहतो तो छोटा व्हिडिओ, तीन ते आठ सेकंदांचा. माझं चित्र चौकोनी, त्यातून उभी पट्टी काढली की एकतर भिंत येते नाहीतर खुर्ची. मी खुर्ची घेतली. लूप साडेसात सेकंदांचाच केलाय, ९६ ला त्यात बारा बीट बरोब्बर बसतात, ९० चित्रं, आणि खुर्चीवर मांजर बसवलंय, पाठमोरं, शेपूट दोन बीटला एकदा जाऊन येते. बेसवाल्याला चोरून दाखवलं तर तो म्हणाला अख्ख्या अल्बममध्ये ही एकच गोष्ट टाइमात आहे.

रेंडर होऊन पडलाय. पाठवलेला नाही. ड्रमरला आडनाव आठवलं की देते, आणि आठवत नसेल तर मी पाठवलेली कुठलीही फाईल उघडायचीसुद्धा गरज नाही, प्रत्येक फाईलच्या नावात ते आहे.