फोटो राहू द्या, प्रकाशनाचं कलम दाखवा

धार्मिक संशोधन प्रतिष्ठान आणि विद्यापीठ यांचा एमओयू म्हणजे सामंजस्य करार झाला की ठरलेले दोन गट पडतात. एक म्हणतो, शेवटी आपल्या ज्ञानाला न्याय मिळाला. दुसरा म्हणतो, झालं, विद्यापीठाचा मठ झाला. करार कुणीच वाचलेला नसतो, तो फोटोतल्या फाईलीत असतो.

मी अशाच एका प्रकल्पात दीड वर्ष पोथ्या स्कॅन केल्यात, कॅटलॉग केल्यात, त्यामुळे मला ही भागीदारी सरसकट वाईट वाटत नाही. पोथ्या संस्थेकडे, वाचायची शिस्त विद्यापीठाकडे, आणि त्या लोकांनी पिढ्यानपिढ्या कापडात बांधून वाळवीपासून जपल्या नसत्या तर आम्ही स्कॅन काय डोंबल करणार होतो!

पण एका पोथीची पुष्पिका वाचली आणि गाडी अडली. पुष्पिका म्हणजे शेवटी लेखनिक नाव, शक, तिथी लिहितो ते. परंपरेनुसार ही प्रत खुद्द ग्रंथकाराच्या हातची. इथे शक निघाला त्यांच्यानंतर दीडेकशे वर्षांचा, नाव भलत्याचंच, वर ती नेहमीची ओळ, ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया’, म्हणजे जसं पुढ्यात होतं तसं उतरवलं, मला दोष देऊ नका. झालं की! बिचाऱ्याने स्वतःच कबुली देऊन ठेवलेली.

संस्थेचे जे काका आमच्यासोबत बसायचे (खरंच सज्जन माणूस, मोडी माझ्यापेक्षा भराभर वाचायचे) ते म्हणाले, “बरोबर आहे तुमचं, पण एवढ्यात नको छापायला.” आमचे सर गप्प. कारण करारात लिहिलेलं, प्रकाशन उभय पक्षांच्या संमतीने. दिसायला किती साधं वाक्य, पण यात दोघांपैकी कुणीही नुसतं गप्प बसलं तरी पेपर मेला, नकारसुद्धा द्यावा लागत नाही.

आता उलटं उदाहरण. अमेरिकेतलं टेम्पल्टन फाउंडेशन, धर्म आणि विज्ञान यावर भरपूर पैसा ओतणारी संस्था. प्रार्थनेने रुग्ण बरे होतात का यावरच्या अभ्यासाला त्यांनी पैसे दिले, हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन प्रमुख, ६ हॉस्पिटलं, बायपासचे १८०२ रुग्ण. २००६ मधे निकाल छापून आला. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्यात प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्क्यांना गुंतागुंत, न झालेल्यांपैकी ५१, म्हणजे फरक जवळपास शून्य. आणि होतेय हे ज्यांना नक्की सांगितलं होतं त्यांच्यात ५९! देणगीदाराला हे आवडलं असेल का? पण छापलं गेलं ना.

आपल्याकडे भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १९१९ ते १९६६, हस्तलिखितं ताडून बघता बघता व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहिलं ही गोष्ट मूळ संहितेतून उचलून परिशिष्टात गेली. गणपतीचं काय बिघडलं? लोक अजून ती गोष्ट सांगतातच, मीही भाचीला सांगतो.

त्यामुळे कुठे नवीन करार झाला की मी एवढंच विचारतो, निकाल उलटा आला तर छापायचं की नाही हे कोण ठरवणार? निवड समितीत संस्थेचं माणूस बसणार का, हा त्यानंतरचा प्रश्न. पैसे किती, हा मला तरी शेवटचा वाटतो.

आमच्या त्या पुष्पिकेवरचा पेपर माझ्या लॅपटॉपमधे आहे. फाईलचं नाव ‘फायनल ३’. उभय पक्ष अजून विचार करतायत.