बुर्किना फासोचं कर्ज फिटलेलं नाही, युद्धही संपलेलं नाही

'कॅप्टन इब्राहिम त्राओरेंनी दोन वर्षांत बुर्किना फासोचं सगळं कर्ज फेडलं, आयएमएफला हाकललं, सोन्याच्या खाणी ताब्यात घेतल्या, नवं चलन आणलं, दहशतवाद संपवला. आपल्यालाही असाच माणूस हवा.' मामांनी हा मेसेज घरच्या ग्रुपवर पुन्हा टाकलाय. बुर्किना फासो हा पश्चिम आफ्रिकेतला देश, त्राओरे तिथले लष्करी शासक. मामा, एकेक मुद्दा बघा.

आयएमएफला, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला, हाकललं? साफ खोटं. त्राओरे 30 सप्टेंबर 2022 ला सत्तेवर आले. सप्टेंबर 2023 मध्ये आयएमएफने त्यांच्याच सरकारला 48 महिन्यांसाठी सुमारे 30 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. हे पैसे हप्त्याहप्त्याने मिळतात. हिशेब तपासून, अटी पाळल्यात हे पाहून पुढचा हप्ता सुटतो. ते अहवाल आयएमएफच्या संकेतस्थळावर उघड आहेत, आणि कर्जफेडीचा दावाही तिथेच निकालात निघतो: 2023 अखेर देशाचं कर्ज जीडीपीच्या निम्म्याहून अधिक होतं.

नवं चलन नाही. शेजारी देशांबरोबरचा सामायिक सीएफए फ्रँकच चालतो, एका युरोला 655.957. जानेवारी 2025 मध्ये देश इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेतून बाहेर पडला, सामायिक चलनाच्या संघातून नाही. या दोन गोष्टींची गल्लत झालेली दिसते.

खाणींबाबत थोडं तथ्य आहे, ते मान्य करावं लागेल. 2024 च्या कायद्याने खाणींमधला सरकारचा मोफत हिस्सा 10 वरून 15 टक्के झाला, बुंगूसह दोन खाणी सरकारकडे आल्या. पण त्यासाठी पैसे मोजावे लागले, आणि एसाकानसारखी मोठी खाण आजही कॅनडाची कंपनीच चालवते.

सगळ्यात चीड येते ती 'दहशतवाद संपवला' याची. राजधानी वागाडुगूच्या उत्तरेला सुमारे 200 किलोमीटरवर जिबो शहर आहे. फेब्रुवारी 2022 पासून जिहादींनी त्याची नाकेबंदी केली. रस्त्यात सुरुंग, म्हणून धान्याचे ट्रक लष्करी पहाऱ्यात ताफा करून निघतात. ताफा जितका लांब तितका संथ. पुढची गाडी सुरुंगावर गेली की मागच्या सगळ्या जागच्या जागी अडकतात. 26 सप्टेंबर 2022 ला गास्किंदेजवळ अशाच ताफ्यावर हल्ला झाला: 27 सैनिक, 10 नागरिक ठार, ट्रक जळून खाक. त्या संतापातच चार दिवसांनी त्राओरेंनी सत्ता घेतली. ताफा पोचत नाही तेव्हा जिबोत लोकांनी झाडपाला उकडून खाल्लाय. आणि मे 2025 मध्ये अतिरेकी त्याच शहरातल्या लष्करी तळात घुसले. याला संपणं म्हणायचं?

मार्च 2023 पर्यंत 20 लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले होते, म्हणजे साधारण दर अकरा माणसांत एक. त्यानंतर सरकारने आकडे जाहीर करणंच थांबवलं.

'असाच माणूस हवा' म्हणताय, तर हेही वाचा. 25 फेब्रुवारी 2024 ला नोंदिन आणि सोरो या गावांत लष्करानेच 223 नागरिकांना मारलं, त्यांत 56 मुलं होती, असं ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने नोंदवलंय. ती बातमी दिली म्हणून बीबीसी आणि व्हॉइस ऑफ अमेरिकाचं प्रसारण दोन आठवडे बंद केलं गेलं. त्यानंतर मे 2024 मध्ये लष्करी राजवटीची मुदत पाच वर्षांनी वाढवली.