पाटे वाढवल्याने पिकअपची लोड क्षमता वाढत नाही

"जुन्या पिकअपला मागे दोन पाटे जास्त टाका आणि बिनधास्त डबल माल भरा" असा मेसेज फिरतोय, तो चुकीचा आहे. पाटे म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या. जादा पाट्याने गाडी मागून खाली बसत नाही एवढंच, पण ब्रेक, अ‍ॅक्सल, बेअरिंग, चासी, टायर तेच राहतात ना, वजन शेवटी त्यांच्यावरच येतं. टायरच्या बाजूला बघा, साइजपुढे लोडचा आकडा 100 असेल तर तो टायर जास्तीत जास्त 800 किलो पेलतो, पाटे कितीही टाका. उलट गाडी बसलेली दिसत नाही म्हणून ओव्हरलोड कळतच नाही आणि उतारावर ब्रेक तापून फेल होऊ शकतात, हे जास्त घातक. कंपनीच्या प्लेटवरची वजनाची मर्यादा तीच खरी. पाटे थकले असतील तर जरूर बदला, पण तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका.