शिरो आणि शिरा

आदिस अबाबात मंगळवारी रात्री उतरायचं आणि शुक्रवारी रात्री निघायचं, हे मी दोन महिने आधी वहीत लिहून ठेवलं होतं. पुतण्या झांबियात नोकरीला, त्याच्याकडून परतताना विमान तिथेच बदलायचं होतं. मग तीन दिवस थांबून इथिओपियाची राजधानी का बघू नये? वाराचं कारण मात्र खास होतं. बरोबर बायको आणि मावशी. मावशीचं वय चौऱ्याहत्तर. अंड्याचा वास आला तर ती पंगत सोडून उठते. आणि माझ्या वाचनात आलं होतं, की इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात. मांस नाही, अंडं नाही, दूधसुद्धा नाही. वर्षातले साधारण 180 दिवस सामान्य माणसालाही असे उपास असतात. त्या दिवशी हॉटेलात ‘बेयायनेतु’ नावाचं ताट मिळतं: डाळी, पालेभाजी, बीट, कोबी, बटाटा.

“म्हणजे आपला सव्वाशे घरांचा गाव जेवेल इतकी सोय आहे,” मी जाहीर केलं. तीन दिवसांत दोन उपास पदरात पाडून घेणारा माणूस आपल्या घराण्यात दुसरा झाला नसेल, असं मला वाटत होतं.

बुधवारी सकाळी नाश्त्याला ऑम्लेट होतं. मावशीने कोरडा पाव चहात बुडवून खाल्ला. मी म्हटलं, “दुपारपर्यंत कळ काढ. आज बुधवार आहे.” गाडी आठला सांगितली होती. रात्री काउंटरवरच्या मुलाला मी कागदावर मोठ्या अक्षरात 8 लिहून दिला होता आणि त्याने “इशी, इशी” म्हणून तो कागद चालकासाठी ठेवून दिला होता. हे ‘इशी’ म्हणजे ‘बरं’, ‘हो’, ‘ठीक’. पण सहा फुटी पुरुष मान डोलावत असं काही म्हणायला लागला की मराठी कानाला ते ‘इश्श’ ऐकू येतं. मावशी पहिल्या दिवशी पदर तोंडाला लावून हसत होती.

आठ वाजले. नऊ वाजले. अकराला मी तिसऱ्यांदा तीन जिने उतरून खाली आलो. लिफ्ट बंद होती. हे शहर समुद्रसपाटीपासून साधारण 2,350 मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी सातशे मीटर रचले तर आदिसचा तळमजला येतो. त्यावर आमचा तिसरा मजला. प्रत्येक जिन्यावर थांबून मी भिंतीवरची तीच ती चित्रं इतकी निरखून पाहिली, की बायकोला वाटलं मला कलेची आवड लागली.

दुपारी बरोबर दोनला चालक आला. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर प्रसन्न हसू. मी घड्याळ दाखवलं. त्याने स्वतःचं दाखवलं. त्यात आठ वाजले होते. सेकंदाचाही उशीर नव्हता.

झालं असं, की इथे दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सूर्योदयाला सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आपले आठ म्हणजे दोन. आणि त्यांचे आठ म्हणजे भरदुपार. काउंटरवरचा मुलगा मला हे अगदी शांतपणे समजावत होता आणि मी हातवारे करून जागतिक वेळेचं शास्त्र त्याला सांगत होतो. मावशी खुर्चीतूनच म्हणाली, “अरे, बरोबर बोलतोय तो. वार सूर्योदयालाच बदलतो. पंचांग नाही का बघितलंस कधी? रात्री बारा वाजता कसला दिवस उगवतो?”

वर त्याने भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. वर्षाचे महिने तेरा, त्यातला तेरावा पाच-सहा दिवसांचा. आणि सन आपल्यापेक्षा आठ वर्षं मागे. मला एकदम उभारी आली. मी डिसेंबरात निवृत्त झालो होतो. या हिशेबाने अजून साडेसात वर्षं पगार होता! बायकोने बत्तीस वर्षं गणित शिकवलंय. ती म्हणाली, “तुमचा जन्मही आठ वर्षं मागे गेला ना. वजाबाकी तीच.”

असो. पोटात कावळे. मी चालकाला म्हटलं, आधी जेवण, बाकी सगळं नंतर. आम्ही एका झकास ठिकाणी गेलो. विणलेल्या उंच टोपल्यांसारखी मेजं, बसायला ठेंगणी स्टुलं. मी पाठ केलेला शब्द दिमाखात टाकला: “बेयायनेतु! त्सोम!” त्सोम म्हणजे उपास.

वाढप्याचा चेहरा उजळला. “नो त्सोम!” तो आनंदाने म्हणाला. “फासिका!”

फासिका म्हणजे त्यांचा ईस्टर. तो होऊन दोन आठवडे झाले होते. त्याआधी पंचावन्न दिवसांचा कडक उपास असतो, हे मी वाचलं होतं. पण त्यानंतरचे पन्नास दिवस बुधवार-शुक्रवारचे उपास पूर्णपणे माफ असतात, हे पुढच्याच ओळीत असणार आणि तिथे पोचेपर्यंत माझा बहुधा डोळा लागला होता. सगळं शहर दोन महिन्यांचा अनुशेष भरून काढत होतं. शेजारच्या मेजावर ‘कित्फो’ आलं होतं. तो चक्क कच्च्या मांसाचा खिमा, मसाल्याच्या लोण्यात कालवलेला. दुसरीकडे ‘दोरो वॉट’, म्हणजे कोंबडीचा लालभडक रस्सा, त्यात अख्खी उकडलेली अंडी. मावशीने डोळे मिटून रामरक्षा सुरू केली.

“व्हेजिटेरियन,” मी म्हटलं. वाढप्याने विचार केला. “फिश?”

मी मान हलवली. त्याने आणखी विचार केला. मग म्हणाला, “शिरो?”

मावशीचे डोळे उघडले. “शिरा आहे म्हणतोय! अरे, मग आधी सांगायचं की. गोडाने सुरुवात, चांगलंच झालं.” बायकोही खूश झाली. तिने “थोडे काजू असतील तर” एवढं मराठीत सांगूनही टाकलं. त्याने “इशी” म्हटलं.

परातीएवढ्या थाळीवर अंथरलेली एक राखाडी, जाळीदार, मऊ पोळी आली. ही इंजेरा. तेफ नावाच्या मोहरीहूनही बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून करतात. दिसायला थेट आपली आंबोळी, फक्त कोकणातल्या एखाद्या राक्षसासाठी केलेली. तिच्या भोकांना तिथे ‘डोळे’ म्हणतात आणि डोळे नीट पडले नाहीत तर सुगरणीचं नाक कापलं जातं. मागून मातीच्या छोट्या भांड्यात काहीतरी रटरटत आलं आणि त्या आंबोळीवर ओतलं गेलं. तांबूस, घट्ट, लसणाचा वास.

मावशीने बोटावर घेऊन चाखलं. बराच वेळ काही बोलली नाही.

“पिठलं आहे,” ती म्हणाली.

होतंच. हरभऱ्याचं नाहीतर वाटाण्या-कडधान्यांचं पीठ, कांदा, लसूण, आणि ‘बर्बेरे’ नावाचं मिरचीचं तिखट. पाच हजार मैल उडून, दोन महिने नियोजन करून, सकाळपासून उपाशी राहून मी मावशीला पिठलं-आंबोळी खाऊ घातली होती. तिने मिटक्या मारत खाल्ली. तिची खरी अडचण वेगळीच निघाली. ताट तिघांत एकच होतं. “आणि वाढून घ्यायला?” तिने विचारलं. वाढून घ्यायचं नसतंच. आपापल्या बाजूने तोडत मध्याकडे यायचं, सगळ्यात शेवटी ताटही खाऊन टाकायचं. चौऱ्याहत्तर वर्षं उष्ट्या-खरकट्याचे नियम पाळलेल्या बाईने त्या इंजेरावर बोटाने एक रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे ती, पलीकडे आम्ही दोघं.

त्या दिवशी म्युझियम बंद व्हायच्या बेतात असताना आम्ही पळत पळत लूसीला पाहिलं. 1974 साली अफार प्रांतातल्या हदार इथे सापडलेला हा सांगाडा सुमारे 32 लाख वर्षांपूर्वीचा. पेटीत ठेवलेली असते ती नक्कल. खरी हाडं आत जपून ठेवलेली. उंची जेमतेम साडेतीन फूट. इथले लोक तिला ‘दिनकिनेश’ म्हणतात, म्हणजे ‘तू अद्भुत आहेस’. मावशी पेटीसमोर हात जोडून उभी राहिली. “मूळपुरुष म्हणतात तो बाईमाणूसच निघाला म्हणायचा,” एवढंच बोलली.

गुरुवारी एन्तोतो. शहराच्या डोक्यावरचा हा डोंगर तीन हजार मीटरच्याही वर जातो, आणि मी चार पावलं टाकून पाचव्याला निसर्ग बघत होतो. 1889 मध्ये दुसरा मेनेलिक इथल्याच मरियमच्या देवळात सम्राट झाला. पण वर थंडी फार. त्याची राणी तायतू खालच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर भाळली, तिथे घर बांधून घेतलं, आणि त्या जागेला नाव दिलं ‘नवं फूल’, आदिस अबाबा. म्हणजे राजधानी हलली ती बायकोला गरम पाणी हवं म्हणून. हे ऐकताच बायकोने माझ्याकडे जे पाहिलं त्यात आमच्या घरच्या गीझरचा दोन वर्षांचा इतिहास होता. डोंगरभर निलगिरीची झाडं आहेत, तीही मेनेलिकच्या काळात बाहेरून आणलेली. नव्या शहराने आसपासची झाडं जाळून संपवली होती.

उतरताना चालकाने विचारलं, तुम्ही भारतात कुठले? मी औरंगाबाद, संभाजीनगर, अशी दोन्ही नावं घेतली. दोन्हींनी काही उजेड पडला नाही. मग मावशी पुढे सरसावली. “मलिक अंबर,” ती म्हणाली. “तुमचा माणूस. आमचं गाव त्याने वसवलं.” मी भाषांतर करत होतो: सोळाव्या शतकात याच मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा, फिरत फिरत दख्खनला आला, निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना पळता भुई थोडी केली, 1610 च्या सुमारास खडकी गाव वसवलं, तेच पुढचं औरंगाबाद. चालक गाडी बाजूला घेऊन ऐकत होता. आम्ही हबशी म्हणतो, मी म्हटलं. “हबेशा!” तो छातीवर हात ठेवून म्हणाला. ते लोक स्वतःला तेच म्हणतात. “त्याला सांग,” मावशी म्हणाली, “जमिनीखालून नहर काढून त्याने अख्ख्या गावाला पाणी दिलं. आता नळाला आठवड्याने येतं. कुणी तसा दुसरा असेल तर पाठवा म्हणावं.”

हे भाषांतर मी गाळलं. पण काहीतरी पोचलं असावं, कारण त्याने गाडी थेट आपल्या घरी नेली.

घरी त्याच्या आईने कॉफीचा घाट घातला. ‘घाट’ हाच शब्द. जमिनीवर ताजं हिरवं गवत पसरलं, निखाऱ्यावर ऊद टाकला, हिरव्या बिया समोर भाजल्या, तो धूर प्रत्येकाच्या नाकाशी फिरवला, कुटल्या, ‘जेबेना’ नावाच्या काळ्या मातीच्या सुरईत उकळल्या. सोबत लाह्या. मावशीने दूर्वा, धूप आणि लाह्या एका नजरेत टिपल्या आणि पदर सावरून मांडी घातली. तिच्या लेखी इथे पूजा चालली होती. कॉफी तीनदा प्यायची असते: अबोल, तोना, बरका. तिसरी म्हणजे आशीर्वाद, ती घेतल्याशिवाय उठलं तर यजमानाचा अपमान. पहिल्या कपाला मी ‘वा’ म्हटलं. दुसऱ्याला माझी जुनी ॲसिडिटी जागी झाली. तिसऱ्याला आशीर्वाद मिळाला आणि त्या रात्री मी पहाटे चारपर्यंत, म्हणजे त्यांच्या दहापर्यंत, छताकडे बघत पडलो.

मग जेवण आलं. आमच्यासाठी मुद्दाम ‘मिसिर वॉट’ केलं होतं. मिसिर म्हणजे मसूर. शब्दानेच अर्धी आमटी समजली. आणि त्या माऊलीने इंजेराचा भलामोठा तुकडा त्यात गुंडाळून, लाडू वळावा तसा वळून, थेट मावशीच्या तोंडाशी नेला. याला ‘गुर्शा’ म्हणतात. दुसऱ्याच्या हातचा घास. घास जितका मोठा तितकी माया जास्त. मी आणि बायकोने श्वास रोखले. रेघेवाली मावशी! परक्या हाताचा, एका ताटातला, बोटं ओठांना लागणारा घास!

मावशीने आ केला. घास गेला. डोळ्यांत पाणी आलं. बर्बेरेने की कशाने, कळायला मार्ग नव्हता. “घास नाकारू नये,” ती भरल्या तोंडाने म्हणाली, आणि तेवढाच मोठा घास वळून तिने त्या बाईच्या तोंडात घातला. मग ती माझ्या बायकोला म्हणाली, “तूही भरव याला. नाव घेऊन.” पस्तीस वर्षांनी, अदिसातल्या गवतावर बसून, बायकोने उखाणा घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इंजेराशी यमक जुळत नाही, तरी तिने ‘पिंजरा’वर भागवलं.

शुक्रवारचं थोडक्यात सांगतो. सकाळी नाश्त्याला ‘फिरफिर’ होतं, कालची इंजेरा कुस्करून तिखटात परतलेली, म्हणजे फोडणीची पोळी. होली ट्रिनिटी कॅथेड्रलमध्ये जोडे बाहेर काढायचे असतात, त्यामुळे मावशीला देवळात आल्यासारखं वाटलं. इथिओपियाचा शेवटचा सम्राट हाइले सेलासी, त्याच्या ग्रॅनाइटच्या भल्याथोरल्या थडग्याला ती प्रदक्षिणा घालणार होती, मी आवरलं. मर्कातो बाजारात आम्ही एकमेकांना दोनदा हरवलो. रस्त्यात निळ्या-पांढऱ्या मिनीबसच्या दारात लोंबकळत एक पोरगा “मेक्सिको, मेक्सिको!” ओरडत होता. तो इथला एक चौक आहे. “इथून मेक्सिकोला वडाप जातं?” मावशीने विचारलं. तिचा आता या शहरावर पूर्ण विश्वास बसला होता.

विमान रात्री अकराला. गाडी आठला हवी. मी आता मुरलेला प्रवासी, चालकाला ऐटीत सांगितलं, “रात्री दोनला ये.” तो “इशी” म्हणून गेला. साडेसहाला माझ्या मनात पाल चुकचुकली: यानेही दोन दिवसांत माझं घड्याळ शिकून घेतलं असेल तर? तो उत्तररात्री दोनला येईल. तेवढ्यात फोन वाजला. तोच होता. “सर, तुमचे दोन की माझे दोन?” मी म्हटलं, तुझे. तो म्हणाला, माझे म्हणजे तुम्ही धरलेले माझे, की…

मावशीने फोन हिसकावला. “बाळा,” ती मराठीत म्हणाली, “आत्ताच ये.”

वीस मिनिटांत गाडी दारात होती.

विमानतळावर तपासणीत मावशीची पिशवी बाजूला काढली. आत दोन किलोची पिठाची पुडी, मर्कातोतून हरवल्याच्या निमित्ताने आणलेली. अधिकाऱ्याने गाठ सोडली, वास घेतला, आणि त्याच्या कपाळावरच्या आठ्या विरल्या.

“शिरो!” तो म्हणाला.

“पिठलं,” मावशीने त्याची चूक सुधारली.