खेळणी चाक, १ नग

पावती समोरच आहे. 'खेळणी चाक, १ नग, २८० रु.' निळी शाई, खाली गोल शिक्का. माझं वय ५३, नववी-दहावीला विज्ञान शिकवतो, आणि दुकानाच्या वहीत माझी नोंद ही अशी झालीय.

चाक कसलं ते सांगतो. माझ्याकडे एक लाल पेटी आहे, सुटकेससारखी बंद होणारी. उघडली की आत रेकॉर्ड प्लेअर. कंपनीचा बिल्ला कधीच गळून पडलेला, म्हणून तिचं नाव नुसतं लाल पेटी. अशा आणखी पाच आहेत: चावीचा एक एचएमव्ही १०२, सेलवर चालणारी एक फिएस्टा (आधीच्या मालकानं सेल आतच विसरल्यामुळे तिच्या पोटात निळं-हिरवं लोणचं मुरलं होतं), बाकीच्या तीन अजून खोक्यांत, सुट्या भागांच्या रूपात. तर या लाल पेटीत मोटरच्या दांड्यावर चार पायऱ्यांची एक कप्पी असते. मिनिटाला १६, ३३, ४५ आणि ७८ फेऱ्यांसाठी. जाड पायरी म्हणजे जास्त वेग. कप्पी आणि थाळीची आतली कड यांच्यामध्ये रबरी धावेचं एक चाक येऊन टेकतं. कप्पीकडून फिरणं घ्यायचं, थाळीला द्यायचं. पन्नासेक वर्षांत त्या रबराचा दगड झाला आणि चाक घसरायला लागलं. गायिका मे महिन्यात भर दुपारी सोलापूरच्या सात रस्त्यापासून पायी आल्यासारखी गायला लागली.

असं चाक इथं मिळत नाही. जुन्या बाजारात मोडकी पेटी मिळेल, पण विक्रेता आता पेटीकडे बघतच नाही. खिशातून मोबाईल काढतो आणि लंडनचा भाव दाखवतो. अहो, लंडनला ती चालू असते! इथं आत उंदराचं घर आहे, सुईची जागा रिकामी आहे, झाकण दुसऱ्याच पेटीचं आहे. तरी भाव पौंडात. मागच्या वर्षी एकानं तर उंदराच्या घरालाही 'ओरिजिनल आहे सर' म्हटलं.

म्हणून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेलो. मागाच्या रोलरना रबर चढवणारी दुकानं तिकडं आहेत. मालकानं चाक दोन बोटांत धरलं, उन्हाकडे करून बघितलं आणि म्हणाला, "हे कुठं बसतं ते दाखवा, मग सांगतो." परत घरी. परत रिक्षा, मांडीवर पेटी.

दुकानाच्या बाकड्यावर एक गृहस्थ बसले होते. पांढरी लुंगी, खिशात चष्मा, हातात अर्धा कप चहा. पॉवरलूमवरचे निवृत्त जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. दुकानाशी त्यांचा संबंध एवढाच, की बाकडं त्यांना सोसत होतं.

"काय आणलाव मालक? बाजाची पेटी का?"

"नाही अण्णा, रेकॉर्ड प्लेअर."

"चालतंय?"

"हळू चालतंय. म्हणून तर आलो."

"लावा की मग. बघू."

मी लावलं. अण्णांनी डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकलं. "बाईला ताप आलाय," म्हणाले. मग सरळ होऊन बसले. "मिनिटाला किती पिक?"

माग मिनिटाला किती पिक, म्हणजे आडवे धागे, मारतो ते मोजण्यात यांचा जन्म गेला होता. मी सांगितलं, मिनिटाला ३३ फेरे आणि वर एक तृतीयांश. म्हणजे तीन मिनिटांत बरोब्बर १००. एक तृतीयांश त्यांना आवडलं नाही. "तसलं कोण ठेवतंय ओ," म्हणाले, जणू मीच ठेवलंय. पण १०० पटलं. थाळीच्या कडेला त्यांनी स्वतः खडूची रेघ मारली, रबर कापणाऱ्या पोराच्या हातात घड्याळ दिलं आणि मोजणी सुरू झाली. अण्णा तेलुगूत, मालक कन्नडमध्ये, मी मराठीत. ओकटी, रेंडु, मूडु. ओंदु, एरडु, मूरु. चाळिशीपर्यंत तिघं बरोबर होतो. पुढं मालकाला फोन आला, तो फोनवर हिंदीत बोलत बोलत बोटांवर कन्नडमध्ये मोजत राहिला. पोरगा "टाइम!" म्हणून ओरडला तेव्हा अण्णांचे ९२ झाले होते, माझे ९३ आणि मालकाचे ११०.

"ब्याण्णव," अण्णांनी निकाल दिला. "आठ पिक कमी. चाक मोठं करा. गाणं पळतंय बघा."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण वीस वर्षं खडू धरलेला माणूस गप्प बसत नाही. मी म्हणालो, अण्णा, मधल्या चाकाच्या आकाराचा वेगाशी काही संबंध नाही. कप्पीची कड जेवढी सरकते तेवढीच चाकाची कड सरकते आणि तेवढीच थाळीची. मध्ये चाक ठेवा नाहीतर कलिंगड ठेवा, थाळी तेवढीच फिरणार. घसरणं थांबवायचं आहे, मोठं करायचं नाही. जुन्या मापाचंच पाहिजे.

अण्णांनी चहा संपवला. कप खाली ठेवला.

"सायकलीचं चाक मोठं का ट्रकचं?"

"ट्रकचं, पण—"

"पळतंय कोण?"

"अहो, ते चाक जमिनीवर चालतं. हे मधलं चाक आहे."

"मधलं असलं म्हणून काय झालं? चाक ते चाक की."

मी मालकाकडे बघितलं. मालक म्हणाला, "अण्णांना मागावर चाळीस वर्षं झालीत सर." मी पोराकडे बघितलं. चेहरा ओळखीचा वाटला. माझाच विद्यार्थी, २०१९ची बॅच. दहावीत याला बलाचे प्रकार मी तीनदा समजावले होते. "काय रे, तू सांग." त्यानं आधी अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "सर, मोठंच पळतंय."

सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत आणि नंतर जेवतानाही तेच घोळत होतं. लोकांनी मला यडा समजावं, हरकत नाही. मोबाईलवर फुकट गाणी असताना दर तीन मिनिटांनी उठून तबकडी उलटवणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? "यूट्यूबला आहे की हे," हे वाक्य माझ्या घरी आलेला प्रत्येक पाहुणा उच्चारतो, चहाच्या आधी. त्याचंही काही नाही. पण मी बरोबर होतो! निदान त्या एका गोष्टीत तरी बरोबर होतो, आणि तीन विरुद्ध एक मतांनी पडलो.

चार दिवसांनी चाक मिळालं. धाव काळीभोर, लेथवर सुरेख घासलेली. मालक म्हणाला, "अण्णा म्हणाले तसं जरा मोठंच ठेवलंय." अण्णा बाकड्यावर होतेच. खडूही तयार होता.

बसवलं. नवं रबर, घसरणं बंद. तीन मिनिटं. ओकटी, रेंडु, मूडु.

"वंद!" अण्णा ओरडले. शंभर.

बाजूच्या दुकानातले दोघं बघायला आले. अण्णांनी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, कलिंगडासकट. आता मी काय सांगणार? घसरणं थांबलं म्हणून वेग आला, चाक वाढलं म्हणून नव्हे, हे तिथं उभं राहून सांगायचं? २८० रुपये दिले, पावती खिशात घातली, वाचली मात्र घरी.

आणि घरीच कळलं. ३३वर पेटी झकास, ४५वर झकास. ७८ला कप्पीची पायरी सगळ्यांत जाड, त्यामुळे मध्ये जागा सगळ्यांत कमी. तिथं हे वाढवलेलं चाक शिरतच नाही. माझ्याकडच्या निम्म्या तबकड्या ७८च्या, लाखेच्या. ३३ची एलपी १९४८ साली आली तरी आपल्याकडे साठच्या दशकातही ७८च्या निघत होत्या, आणि आजोबांनी त्याच घेतल्या. त्यांच्यासाठीच तर ही पेटी दुरुस्तीला काढली होती.

म्हणजे चाक थोडं घासून कमी करून आणायला हवं. म्हणजे त्या बाकड्यासमोर उभं राहून 'लहान करा' म्हणायला हवं. काल दोनदा स्कूटर बाहेर काढली आणि दोनदा आत घेतली. संध्याकाळी त्या पोराला फोन करून विचारलं, अण्णा कधी नसतात? तो म्हणाला, "दीडला जेवायला जातात सर. एक तास."

"मग मी उद्या दीडला येतो."

"दीडला दुकान बंद असतंय सर."