पट्टीने बोटं मोजून पोरं निवडू नका
परवा लेक ग्राउंडवरून आली ती गप्पच. 12 वर्षांची आहे, 600 मीटर पळते. जेवण झाल्यावर बघतो तर कंपासपेटीतली पट्टी काढून स्वतःची बोटं मोजतेय. म्हणाली, "बाबा, माझी तर्जनी आणि अनामिका जवळपास सारखीच आहेत, म्हणजे मी कधीच फास्ट होणार नाही का?" ग्राउंडवर कुणीतरी पोरांना रांगेत उभं करून बोटं मोजली आणि तोंडावर सांगितलं, अनामिका लांब तोच पळणार. पोटात कालवलं हो माझ्या.

आता यात तथ्यच नाही असं नाही. इंग्लंडमधल्या जॉन मॅनिंग यांनी 2001 साली व्यावसायिक फुटबॉलपटूंची बोटं मोजली तेव्हा त्यांची अनामिका तर्जनीच्या मानाने इतरांपेक्षा लांब निघाली. आईच्या पोटात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक जास्त मिळालं की असं होतं असं म्हणतात, पण त्यावर अजून वाद आहेत. 2010 मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तर खेळाशी संबंध निघाला साधारण 0.26 (0 म्हणजे संबंधच नाही, 1 म्हणजे पक्का), याचा वर्ग केला तर खेळातल्या फरकाचा जेमतेम 7 टक्के भाग बोटांवरून कळतो! बाकीच्या 93 टक्क्यांचा हिशोब बोटांत नाहीच. आणि मोजतात कसं तर शाळेच्या पट्टीने. तर्जनी 68 मिलिमीटर, अनामिका 70, गुणोत्तर 0.97. पट्टी एक मिलिमीटर सरकली की तेच 0.99, झाली मुलगी बाद.

या वयात खरा फरक पडतो तो वाढीचा, एकीची उंची झपझप वाढून झालेली असते, दुसरीची अजून सुरूही नसते आणि दोघी एकाच लाइनवर उभ्या. तो बघा ना आधी.

आपल्या बीडचा अविनाश साबळे घ्या, लहानपणी शाळेला सहा किलोमीटर पायी जायचा, बारावीनंतर सैन्यात भरती झाला, तिथे 2015 मध्ये क्रॉसकंट्री पळायला लागला आणि 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) रौप्य, सुवर्ण फक्त 0.05 सेकंदाने हुकलं. बाराव्या वर्षी हे कुणाला कळलं असतं?

आज सकाळी साडेपाचला मी स्वतः लेकीला ग्राउंडवर घेऊन गेलो. आधी नुसतीच उभी होती, मग स्पाइक्सच्या नाड्या बांधल्या आणि तीन राउंड मारले. उद्या सरांना भेटणार आहे, ती पट्टी बंद करा म्हणून सांगायला. अजून कुणाच्या पोरांची बोटं मोजली असतील तर तुम्हीही चला सोबत.