सोलच्या बार्बेक्यू डिनरला दोन स्टार दिलेल्या सरांना उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. सोल टूरमधल्या कोरियन बार्बेक्यूच्या रात्रीसाठी तुम्ही दोन स्टार दिलेत आणि लिहिलंय की पैसे भरून मांस स्वतःच भाजायला लावलं, वाढणाऱ्या बाईंनी हातातला चिमटा काढून घेतला, न विचारता बीफ वाढलं, आईला नुसता भात खावा लागला, दुसऱ्या दिवशी एकटे गेलात तर दारातूनच परत पाठवलं, सबब डिनरचे पैसे परत द्या. हे वाचून बाकीचे लोक बुकिंग करायचं की नाही ते ठरवतात, म्हणून फोन न करता इथेच लिहितोय, जरा लांबेल.

आधी बीफचं, कारण तो आरोप साधा नाहीये. आपल्या ग्रुपमध्ये बीफ न खाणारे कायमच असतात, त्यामुळे मापो भागातलं दुकान आम्ही मुद्दाम असं धरलंय की जिथे फक्त पोर्क मिळतं, बीफ मेन्यूवरच नाही. तुम्ही ज्याचा फोटो टाकलाय ते काळपट मांस म्हणजे ट्वेजी काल्बी, डुकराच्याच बरगडीचं, सोया सॉस, लसूण, साखर असल्या मसाल्यात मुरवलेलं, म्हणून तो रंग. त्याच्या आधी आलेल्या पांढऱ्या-गुलाबी जाड पट्ट्या म्हणजे साम्ग्योप्साल, तेही डुकराचंच, पोटाकडचं, त्याला काही लावलेलं नसतं. शेजारी शेजारी ठेवलं की दोन वेगळ्या जनावरांचं वाटतं खरं, पण विचारायचं होतंत ना, मी समोरच्याच टेबलवर होतो.

आता चिमटा. मुरवलेल्या मांसात साखर असते, खाली कोळसा लाल झालेला, लक्ष हललं की करपतंच, आणि तुम्ही गप्पांच्या नादात एक बाजू पार काळी केली होतीत सर. त्या वाढणाऱ्या मावशी आल्या, तुमच्या हातातला चिमटा स्वतःकडे घेतला, करपलेली जाळी काढून नवीन टाकली, उरलेल्या पट्ट्या पलटल्या आणि जाळीवरच कात्रीने घासाएवढे तुकडे करून कडेला सारून ठेवले. याला उद्धटपणा म्हणायचं का? चांगलं मांस वाया जाताना त्यांना बघवत नाही एवढंच. ती कात्रीपण जेवणाचीच असते, तिथे घरोघरी तीच वापरतात.

आणि स्वतः भाजणं हाच तर त्या जेवणाचा कार्यक्रम आहे हो. सॅलडचं पान हातात घ्यायचं, त्यावर पेरिलाचं पान, मांसाचा तुकडा, साम्जांग म्हणजे सोयाबीन-मिरचीची घट्ट चटणी, लसणाची भाजलेली पाकळी, गुंडाळून अख्खा घास एकदम तोंडात. तुमच्या मुलाने तर किमची, म्हणजे आंबवलेली तिखट कोबी, तीपण जाळीच्या कडेला टाकून भाजून खाल्ली, त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. छोट्या वाट्यांमधलं बान्चान, म्हणजे तोंडीलावणं, आपल्या मिसळीच्या रश्श्यासारखं, संपलं की परत घ्या, त्याचे पैसे नाहीत. पाणी आणि जास्तीची पानं कोपऱ्यातून स्वतः आणायची, ही त्या दुकानाची पद्धतच आहे, आपल्याला कमी लेखून कोणी तसं केलं नाही.

तुमच्या आईंच्या, म्हणजे काकूंच्या, जेवणाबद्दल मात्र तुम्ही अर्धंच लिहिलंय. शाकाहारी माणसाची तिथे पंचाईत होते हे मी बुकिंगलाच सांगतो. किमचीत बहुतेक वेळा मासळीचा सॉस नाहीतर खारवलेली कोळंबी असते, त्वेन्जांगच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सूपला सुकवलेल्या अँकोव्ही माशाचं पाणी असतं, दिसायला भाजी असली तरी चालत नाही. म्हणून शाकाहारी मंडळींसाठी त्याच संध्याकाळी इन्साडोंगला बौद्ध मंदिराच्या पद्धतीचं जेवण ठरलेलं होतं, मांस-मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. काकूंचं नाव त्या यादीत होतं. ऐनवेळी "आम्ही सगळे एकत्रच बसणार" हे तुमच्याकडून आलं, आणि तरी मावशींनी त्यांना मशरूम वेगळ्या तव्यावर भाजून दिले, भातावर त्यांनी स्वतःचं मेतकूट घेतलं. त्या खुशीत होत्या, चिडलेले तुम्ही होतात.

एकट्याला परत पाठवलं ते आमच्या टूरमध्ये नव्हतं, फ्री डे होता, तरी सांगतो. बऱ्याच बार्बेक्यू दुकानांत कमीत कमी दोन माणसांची ऑर्डर लागते, कारण एका माणसासाठीपण कोळसा, जाळी, सगळ्या वाट्या तेवढंच मांडायला लागतं आणि संध्याकाळच्या गर्दीत चौघांचं टेबल अडतं. दोन पोर्शन मी एकटाच घेतो म्हटलं की पुष्कळ ठिकाणी बसू देतात. नाहीतर एकट्याने कुक्बापच्या दुकानात जावं, गरम सूप-भात, कोणी काही विचारत नाही.

राहिले पैसे. सोलमध्ये 200 ग्रॅम साम्ग्योप्सालचा सरासरी भाव 2024 मध्येच 20 हजार वॉनच्या वर गेलाय, आणि आम्ही माणशी तेवढं मांस, वर भात आणि सूप असं पॅकेजमध्येच दिलं. तिथे टिप नसते, ती घेतलेली नाही. वेगळे घेतले ते सोजूच्या बाटल्यांचे, त्या तुमच्या टेबलने मागवल्या होत्या आणि दारू पॅकेजमध्ये नाही हे पहिल्या पानावर आहे. त्यामुळे रिफंड होणार नाही. काकूंच्या मांसाचे पैसे तर लावलेलेच नव्हते, इनव्हॉइसमध्ये त्यांच्या नावापुढे व्हेज लिहून रक्कम कमी केलेली आहे, एकदा काढून बघा आणि त्यात काही शंका वाटली तर ऑफिसला फोन करा, दुपारी असतो मी.